मरायला गेला आणि जगायला शिकवून गेला

बारावीच्या प्रॅक्टिकलला केलेली बेनेडिक्ट टेस्ट आठवतेय? टेस्ट ट्यूबमध्ये निळं द्रावण, त्यात ग्लुकोजचे थेंब आणि खाली बर्नर. थोड्या वेळात निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा केशरी आणि साखर भरपूर असेल तर थेट विटकरी रंग. जर्नलमध्ये निरीक्षण आणि अनुमान लिहिलं, सरांची सही घेतली की आपला त्या टेस्टशी संबंध संपतो.

शंभर वर्षांपूर्वी मात्र अनेक लोकांच्या दिवसाची सुरुवातच या टेस्टने व्हायची. सकाळी उठून स्वतःची लघवी तपासायची, रंग बघायचा आणि त्यावरून आज इन्सुलिन किती घ्यायचं, पाव किती खायचा याचा हिशोब मांडायचा. लॅबमधली ही टेस्ट पेशंटच्या घरात नेणाऱ्यांत एक नाव अगदी पुढे होतं, रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. इन्सुलिन म्हटलं की आपल्याला फ्रेडरिक बँटिंग आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण इन्सुलिन हातात आल्यावर ते घेऊन कॉलेज, नोकरी, संसार, खेळ हे सगळं कसं करायचं, हे जगाला ज्यांनी शिकवलं, त्यांत डायबेटिसच्या क्षेत्रात लॉरेन्स यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. कारण ते डॉक्टर होते आणि पेशंटही होते.

करिअरचा गोंधळ तेव्हाही होता

१८ नोव्हेंबर १८९२ रोजी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहरात रॉबिनचा जन्म झाला. घरचे सगळे त्याला रॉबिनच म्हणायचे. वडिलांचा ब्रश बनवण्याचा व्यवसाय होता, घर खाऊनपिऊन सुखी. रॉबिनने ॲबरडीन विद्यापीठात प्रवेश घेतला तो डॉक्टर व्हायला नव्हे. त्याने आधी फ्रेंच आणि इंग्रजी घेऊन एम.ए. केलं. मग ग्लासगोला काकांच्या कापडाच्या दुकानात काम करून पाहिलं. तिथे मन रमेना. थोड्याच दिवसांत तो परत आला आणि त्याने त्याच विद्यापीठात मेडिकलला प्रवेश घेतला.

इथे मात्र गाडी सुसाट सुटली. ॲनाटॉमी, मेडिसिन आणि सर्जरी या विषयांत सुवर्णपदकं मिळाली. विद्यापीठाच्या टीममधून हॉकी आणि टेनिस खेळला, विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाचा अध्यक्षही झाला. १९१६ मध्ये तो डॉक्टर झाला तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. तो ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात गेला आणि त्याची नेमणूक झाली भारताच्या वायव्य सरहद्दीवर, म्हणजे आज जो भाग पाकिस्तानात आहे तिथे. तिथे त्याला आमांशाने गाठलं आणि १९१९ मध्ये आजारी म्हणून मायदेशी पाठवण्यात आलं.

बरा झाल्यावर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली. सर्जन व्हायचं हे नक्की होतं. कान, नाक, घसा विभागात काम सुरू झालं. अजून तिशीही गाठली नव्हती.

हाडाचा एक कण

१९२० मध्ये एक दिवस तो मृतदेहावर कानामागच्या हाडाच्या ऑपरेशनचा सराव करत होता. छिन्नीचा घाव बसला, हाडाचा एक बारीकसा कण उडाला आणि थेट उजव्या डोळ्यात गेला. डोळ्यात इन्फेक्शन झालं. ते बरं होईना म्हणून तपासण्या केल्या, तर लघवीत साखर सापडली. डोळ्याच्या दुखण्यामुळे रॉबिनला कळलं की आपल्याला डायबेटिस आहे.

इथे जरा थांबू या, कारण ‘योगायोगाने कळलं’ हे आजही घडतं. जखम भरत नाही म्हणून, चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय म्हणून किंवा पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होतं म्हणून कुणी तपासणी करतं आणि शुगर निघते. तरुण वयात होणारा टाइप १ डायबेटिस तर बऱ्याचदा काही आठवड्यांतच जोर धरतो. सारखी तहान लागते, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, जेवण नीट असूनही वजन उतरत जातं, थकवा जात नाही, नजर धूसर होते. आपल्याकडे यातली निम्मी लक्षणं परीक्षेच्या टेन्शनवर ढकलली जातात आणि उरलेली उन्हाळ्यावर. बारीक झालास, छान दिसतोस, असं कौतुकही होतं. ही लक्षणं एकत्र दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा अशा लक्षणांसोबत केव्हाही घेतलेल्या रक्तात २०० किंवा त्याहून जास्त, हे आकडे डायबेटिसकडे बोट दाखवतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी असं काही सुरू झालं तर उद्याची अपॉइंटमेंट चालत नाही. तेव्हा थेट इमर्जन्सी विभाग गाठायचा.

रॉबिनच्या वेळी निदान झालं तरी पुढे औषध नव्हतं. उपाय एकच, अगदी कडक पथ्य. पेशंटला जवळजवळ उपाशी ठेवायचं आणि थोडं आयुष्य वाढवून घ्यायचं. रॉबिनला जेमतेम तीन-चार वर्षं मिळतील, असा तेव्हाच्या डॉक्टरांचा हिशोब होता. उजव्या डोळ्याची नजर कायमची अधू झाली आणि सर्जरीचं स्वप्न संपलं. तो हॉस्पिटलच्या केमिकल पॅथॉलॉजी विभागात डॉ. जॉफ्री हॅरिसन यांच्या हाताखाली काम करू लागला. रक्त आणि लघवीतली साखर मोजणं आता त्याचं कामही होतं आणि गरजही.

कुणाला दिसू नये म्हणून

मग त्याने एक निर्णय घेतला. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बरेच ब्रिटिश लोक राहायचे. त्यांचा डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करायला तो तिकडे निघून गेला. कारण साधं आणि मन हलवणारं होतं. आपल्याला झिजत झिजत मरताना घरच्यांनी बघू नये, असं त्याला वाटत होतं.

आजार लपवण्याची ही ओढ आपल्या ओळखीची आहे. फ्लॉरेन्सला कुणी जात नाही, पण हॉस्टेलच्या बाथरूमचं दार लावून गुपचूप इंजेक्शन घेणारे आजही आहेत. रूममेटला माहीत नसतं, जिम ट्रेनरला माहीत नसतं, फेस्टच्या टीममध्ये कुणालाच माहीत नसतं. मुलीच्या घरी तर आई-वडीलच बजावतात की बाहेर कुठे बोलू नकोस, उद्या लग्नाच्या वेळी अडचण येईल. ही भीती खोटी नाही, लोक बोलतातच. पण लपवण्याची किंमतही खरी असते, आणि ती रॉबिनच्या पुढच्या गोष्टीत दिसते.

१९२२-२३ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सला त्याला ब्राँकायटिस झाला. शरीरात कुठलंही इन्फेक्शन शिरलं की रक्तातली साखर चढते, तशी त्याचीही चढली. तब्येत झपाट्याने खालावली. आज इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टर बजावून सांगतात ते यासाठीच की ताप आला, जेवण गेलं नाही, तरी मनाने इन्सुलिन बंद करायचं नाही. पोटात अन्न नाही मग इंजेक्शन कशाला, हा विचार सरळ वाटतो, पण आजारपणात शरीराला इन्सुलिनची गरज बऱ्याचदा वाढते. अशा दिवसांत साखर जास्त वेळा तपासायची, पाणी पीत राहायचं आणि डोस किती हे डॉक्टरांना विचारायचं.

दरम्यान कॅनडात इतिहास घडला होता. टोरांटोमध्ये बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला ते टोचण्यात आलं. १९२३ मध्ये ते इंग्लंडमध्ये मिळू लागलं. हॅरिसन यांनी फ्लॉरेन्सला तार केली. इन्सुलिन हाती आलंय, ते काम करतंय, ताबडतोब निघून ये, असा तिचा आशय होता. अशक्त झालेला रॉबिन युरोप ओलांडून २८ मे १९२३ रोजी लंडनला पोहोचला. ३१ मे रोजी त्याला पहिलं इंजेक्शन मिळालं. विचार करा, फ्लॉरेन्समधला त्याचा पत्ता हॅरिसन यांना माहीत नसता तर? तो कुठे आहे आणि त्याला काय झालंय हे निदान एका माणसाला ठाऊक होतं, म्हणून तो वाचला.

दुपारचे चार

त्या पहिल्या दिवसाची हकिकत पुढे त्याने स्वतःच सांगितली आहे. सकाळी २० युनिट इन्सुलिन टोचलं. मग लॅबमधल्या बर्नरवर केलेला नाश्ता झाला. अंडी, बेकन आणि टोस्ट. पाव तर कित्येक महिन्यांनी तोंडात पडत होता. दुपारी तीनच्या सुमारास लघवी तपासली तर साखर शून्य! सगळ्यांनी जल्लोष केला.

आणि चार वाजता रॉबिन थरथरायला लागला. दरदरून घाम फुटला आणि पोटात भुकेचा आगडोंब उसळला. बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा डोस जास्त झाल्यावर काय होतं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांत नोंदवून ठेवलं होतं. ते वेळेवर आठवलं, रॉबिनने साखर आणि बिस्किट खाल्लं आणि थोड्याच वेळात तो ठीक झाला.

यालाच आज आपण ‘हायपो’ म्हणतो. रक्तातली साखर ७० च्या खाली घसरली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं, जोरात भूक लागते. साखर आणखी घसरली की मेंदूला ग्लुकोज कमी पडतं. मग चिडचिड होते, बोलणं अडखळतं, माणूस भलतंच काहीतरी बोलतो, डोळे जड होतात. बघणाऱ्याला वाटतं की हा पिऊन आलाय किंवा नाटकं करतोय. इथेच घात होतो.

अशा वेळी करायचं काय? साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, आणि तीही लवकर रक्तात उतरणारी. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून, अर्धा कप फळांचा रस किंवा साधं कोल्ड्रिंक. डाएटचं नको, त्यात साखरच नसते. चॉकलेटवर भिस्त ठेवू नका, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू उतरते. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, साखर ७० च्या वर आली नसेल तर तेच पुन्हा करायचं. ती वर आली की पोळीभाजी, सँडविच असं काहीतरी पोटभरीचं खायचं. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. त्याला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

आणखी एक गोष्ट. हायपो आहे की साखर वाढलीय, हे कळत नसेल आणि ग्लुकोमीटरही जवळ नसेल, तर शुद्धीत असलेल्या माणसाला साखर द्यावी. वाढलेल्या साखरेत चार चमच्यांनी थोडी भर पडेल, पण घसरलेल्या साखरेवर उशीर झाला तर ते जिवावर बेतू शकतं.

पेशंटच्या हातात हिशोब

हॉस्पिटलमधून बाहेर पडला तो नुसता रॉबिन उरला नव्हता, डायबेटिसचे डॉ. लॉरेन्स झाला होता. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये केमिकल पॅथॉलॉजिस्ट म्हणून ते रुजू झाले आणि तिथे त्यांनी डायबेटिसचं क्लिनिक उभं केलं, जे पुढे ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या क्लिनिक्सपैकी एक ठरलं.

तेव्हा इन्सुलिन घेणं म्हणजे काचेची सिरिंज उकळायची आणि जाड सुई पुन्हा पुन्हा वापरायची. इन्सुलिनचा परिणाम काही तासच टिकायचा, त्यामुळे दिवसातून एकदा टोचून भागत नसे. हे सगळं डॉक्टर रोज घरी येऊन करणार नव्हता. पेशंटला स्वतःलाच ते यायला हवं, यावर लॉरेन्स ठाम होते. १९२५ मध्ये त्यांनी ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक लिहिलं. डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही वाचता येईल, असं. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत भाषांतरं झाली. १९२९ मध्ये पेशंटसाठी ‘द डायबेटिक एबीसी’ आलं.

जेवणाचा हिशोब सोपा व्हावा म्हणून त्यांनी ‘लाइन रेशन’ पद्धत काढली. खाण्याच्या पदार्थांचे दोन गट केले, काळा आणि लाल. काळ्या गटातला एक भाग म्हणजे १० ग्रॅम कार्बोहायड्रेट, लाल गटात प्रोटीन आणि फॅट. एक काळा आणि एक लाल मिळून एक ‘लाइन’. डॉक्टरांनी सांगायचं की जेवणाला इतक्या लाइन्स, आणि त्या कशाने भरायच्या ते पेशंटने यादी बघून ठरवायचं. आज मोबाइलच्या ॲपवर जे ‘कार्ब काउंटिंग’ चालतं, त्याची ही जुनी बहीण. पोळी किती, भात किती, वडापाव खाल्ला तर डोस किती, हे ज्याला मोजता येतं त्याला मित्रांसोबत कँटीनला जायची भीती वाटत नाही.

व्यायामाकडेही ते याच नजरेने बघत होते. व्यायाम केला की तोच डोस जास्त जोराने काम करतो, यावर त्यांनी १९२६ मध्ये शोधनिबंध लिहिला. आज हे आपल्या रोजच्या उपयोगाचं आहे. सकाळी नेहमीचं इन्सुलिन घेऊन दिवसभर ट्रेक केला, मॅच खेळली किंवा नवरात्रात तीन तास गरबा खेळला तर साखर घसरू शकते. कधी खेळताना, तर कधी त्याच रात्री झोपेत. म्हणून खेळाआधी तपासायचं, खिशात ग्लुकोज ठेवायचं आणि डोस किंवा खाणं कसं बदलायचं ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यायचं. लेक्चर लांबलं म्हणून जेवण चुकणं आणि रिकाम्या पोटी दारू पिणं, याही हायपोच्या नेहमीच्या वाटा आहेत. दारू पचवण्यात गुंतलेलं लिव्हर रक्तात साखर सोडण्याचं काम मागे टाकतं, आणि कित्येक तासांनी साखर घसरते.

एका बाबतीत मात्र आपण लॉरेन्सपेक्षा नशीबवान आहोत. लघवीतल्या साखरेची टेस्ट रक्तात काही तासांपूर्वी काय होतं ते सांगते, आणि साखर साधारण १८० च्या वर गेली तरच रंग बदलते. खाली घसरलेली साखर तिला दिसतच नाही. निळा रंग म्हणजे सगळं ठीक असंही असू शकतं आणि हायपो दाराशी आलाय असंही. आज बोटातला रक्ताचा एक थेंब किंवा दंडावरचा सेन्सर आत्ताचा आकडा दाखवतो.

टाइम मशीनचा लेखक सोबतीला

लॉरेन्स यांच्या पेशंटमध्ये एक जगप्रसिद्ध नाव होतं, ‘द टाइम मशीन’ लिहिणारे एच. जी. वेल्स. क्लिनिकला पैसे हवे होते, तेव्हा वेल्स यांनी ‘द टाइम्स’ वृत्तपत्रातून मदतीचं आवाहन केलं. त्या ओळखीतून १९३४ मध्ये दोघांनी मिळून डायबेटिक असोसिएशन स्थापन केली. आज तिला ‘डायबेटिस यूके’ म्हणतात. यात डॉक्टर आणि पेशंट एकाच टेबलाशी बसणार होते. डायबेटिस असलेल्यांना समाजात आणि नोकरीत दुय्यम वागणूक मिळू नये, त्यांना योग्य माहिती मिळावी, त्यांनी एकमेकांना आधार द्यावा, हे तिचं काम. आपलं दुखणं कुणाला दिसू नये म्हणून दूर निघून गेलेल्या माणसाने आता अशा लोकांना एका छताखाली आणलं होतं.

१९२८ मध्ये लॉरेन्स यांचं लग्न झालं, तीन मुलगे झाले. १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशन स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच होते. २७ ऑगस्ट १९६८ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. ज्याला १९२० मध्ये तीन-चार वर्षं दिली होती, तो माणूस त्यानंतर ४८ वर्षं जगला. त्यातली ४५ वर्षं इन्सुलिनवर.

ही वर्षं काही सोपी नव्हती, रोजचा हिशोब एक दिवसही सुटला नाही. पण तो हिशोब एकट्याने दार लावून करायची गरज नसते. तुम्हाला डायबेटिस असेल तर ग्रुपमधल्या निदान दोघांना सांगून ठेवा की इन्सुलिन चालू आहे, हायपो झाला तर कसा ओळखायचा आणि ग्लुकोजचा पुडा बॅगेच्या कुठल्या कप्प्यात आहे. आणि तुमच्या मित्राने हे सांगितलं तर अरेरे म्हणू नका, जिलेबी खाल्ल्याबद्दल लेक्चरही देऊ नका. कप्पा कुठला ते लक्षात ठेवा आणि पुढच्या ट्रेकला चार पुडे जास्त घ्या.